खुलासा

मा. लेखाधिकारी साहेब,
आपलं पत्र मिळालं.
व्हाउचर क्रमांक चौदावर डाग आहे, हे खरं.
डाग कशाचा, एवढंच विचारलंय आपण.
पण थोडं मागून सांगावं लागेल.

डिसेंबरात प्रस्ताव टाकला होता:
मातीकाम, तीन दिवस, चाळीस विद्यार्थी,
सगळी बी.एड.ची,
उद्या ज्यांच्यासमोर साठ-साठ पोरं बसणार.
पोवार भाऊसाहेब म्हणाले, मॅडम,
'मातीकाम' नका लिहू,
फाईल बांधकामाकडं जाईल.
म्हणून 'मृत्तिका-शिल्प कौशल्य संवर्धन' केलं.
तरी गेलीच,
आणि पंधरा दिवसांनी शेरा घेऊन आली:
मुरूम की भराव, स्पष्ट करावे.

हॉल मिळाला नाही, फरशी नवी होती.
सायकल स्टँडमागची पत्र्याची शेड मिळाली.
ती मीच झाडली. त्याचं बिल लावलेलं नाही.

तज्ज्ञ म्हणून सदबा वडणगेकर, बापट कॅम्पातले.
फॉर्मवर रकाना होता, शैक्षणिक पात्रता.
फोनवर म्हणाले, चौथी.
मग जरा थांबून,
"तिसरीच लिवा बाई. चौथीत बसलोवतो,
पन गणपतीचा हंगाम आला, उठलो."
मी लिहिलं, अनुभव अठ्ठेचाळीस वर्षे.
वरून परत आलं:
पात्रता विचारली आहे, वय नव्हे.

टेम्पो आला त्या सकाळी
गेटवर आकारामनं रजिस्टर उघडलं.
साहित्य? माती.
नग?
मी म्हटलं, एक.
एक आत गेला तर एकच बाहेर यायला पाहिजे, मॅडम,
हितं वस्तू वाढून चालत न्हाई.
सदबा टेम्पोतूनच ओरडले,
"चारशे किलो लिव रं.
वाळल्यावर कमी भरंल,
तेवढं पानी उडालं म्हन!"
आकारामनं शेरा मारला: पाणी वजा.
ते रजिस्टर आपण तपासलं असेलच.

पहिला अख्खा दिवस नुसती तुडवणी.
मुलं विचारत होती, सर, नोट्स?
सदबा म्हणाले, टाचंला विचारा,
खडा लागला की तीच सांगंल.
चाळीस जोडी चपला शेडबाहेर,
आणि फोन वाजत राहिले आतल्या पिशव्यांतून,
उचलायला कुणाचाच हात रिकामा नव्हता.

अस्मा मुजावर, हजेरी क्रमांक सात,
वर्षभर 'हजर'च्या पुढं बोलली नव्हती.
तिनं हॉस्टेलच्या नळाची तोटी केली,
गळणाऱ्या थेंबासकट.
सदबांनी फिरवून फिरवून बघितली.
"ह्यातनं पानी कवा येतंय?"
"पहाटे साडेचारला," ती म्हणाली,
"आणि वीस मिनिटांत जातं, काका,
तरी बादलीवरून भांडणं होतात."
मग बोलतच राहिली जेवायच्या सुट्टीपर्यंत.
अहवालात 'फलनिष्पत्ती' या मथळ्याखाली
हे कसं लिहायचं ते मला आलं नाही.
मी 'समाधानकारक' लिहिलं.

आता डागाकडं येते.
शेवटच्या संध्याकाळी मानधन, दोन हजार.
शेडमागच्या नळाला पाणी नव्हतं,
हात तसेच, कोपरापर्यंत.
मी रेव्हेन्यू तिकीट पुढं केलं, गोंद शोधत होते,
तोवर त्यांनी करंगळीवर चिमूटभर माती घेतली,
तिकिटाच्या पाठीवर फिरवली, दाबलं,
अन् त्याच्यावर सही केली,
जपून, गाडग्याला कड काढावी तशी.
कडेनं जे बाहेर आलंय ते तेवढंच.

फाईलीतली गोंदाची तिकिटं
एप्रिलच्या उन्हात सुटून पडलीत,
क्रमांक तीन, नऊ आणि अकरा. बघून घ्यावं.
चौदावरचं मी नखानं उचकटून पाहिलं.

उरलेली माती शेडमागंच आहे.
सकाळी मोर येतो,
तिच्यावर पाय उठवून जातो.
त्याची नोंद कुठं करायची, तेही कळवावं.

सोबत व्हाउचरची साक्षांकित प्रत.
झेरॉक्समध्ये डाग काळा आलाय.
मुळात तो तसा नाही.