भेरली माड

गंगावेशीतल्या आमच्या मांडवाच्या गोदामात
प्लास्टिकचे तीन माड आहेत.
धुतले की नवे.
पण मगदुमांच्या वरमाईनं हट्ट धरला,
कमानीला खरीच झावळी पाहिजे, तीही भेरल्या माडाची.
काढला टेम्पो. कळे, साळवण, असळज,
मग घाटाच्या अलीकडं वर चढणारी लाल वाट,
जिथं भर दुपारी दिवा लावावा वाटला.

बिरू लांबोर कोयता पुसत बसलेला.
किती?
चाळीस, म्हणालो.
"चाळीस म्हंजे चार झाडं बोडकी की रं."

मान मागं टाकली, टोपी पडली,
तरी शेंडा गावेना.
पानं कसली, माशांच्या शेपट्या त्या;
जणू एक अख्खी वळवळ आभाळात घुसली
आणि शेपट्या तेवढ्या बाहेर राहिल्या.

"यो माड उलट्या काळजाचा," बिरू म्हणाला.
"सगळी झाडं वर वर फळत जात्यात.
ह्येचा पयला घोस मानंपाशी,
दुसरा त्येच्या खाली,
जिना उतरल्यागत येतोय.
बुडाशी शेवटचा पिकला, की झालं.
ह्येचं दोन ऱ्हायल्यात.
ह्येला मी हात लावायचो न्हाई."

खाली पडलेलं लाल फळ मी उचललं.
टाक म्हणेपर्यंत तळवा पेटला.
"उदमांजरालाच पचतंय त्ये," म्हणून हसला,
शेण चोळलं हाताला. कमी काही झालं नाही.

त्याच्या खोपटाला वासे माडाचे,
विस्तवाला चकमकीचा कापूस माडाचा,
दाराशी झाडू, तोही.
नाचणी बुडाली त्या साली
सोनाबाईनं गाभा कुटला, सात पाण्यात धुतला,
त्या पिठाची आंबील पोरांना पाजली.
गोड होती का, मी विचारलं.
तो कोयत्याकडं बघत राहिला.
"पोरं जगली," एवढंच.

झऱ्यापासून अंगणापर्यंत
मधोमध कोरलेलं एक आडवं खोड.
शेवटचा घोस देऊन झाल्यावर
ह्यानंच लोळवलेलं, सोनाबाई होती तेव्हा.
आयुष्यभर उभ्यानं ओढलेलं पाणी
आता आडव्यानं वाहून नेत होतं.
ओंजळ लावली.
चव लाकडाची होती, थोडी धुराची.

अकरा झावळ्या मिळाल्या, बांधावरच्या झाडांच्या.
बाकी कमान प्लास्टिकनं भरली.
कुणाला कळलं नाही.
खरी कुठली, खोटी कुठली,
फोटोत सगळी हिरवीच.
मी जनरेटरमागं उभा राहून
तळवा खाजवत होतो.

यंदा लग्नसराई आली तसा
बिरूच्या पोराला फोन लावतोय.
रेंज नाही.
झावळ्या नकोत मला.
एवढंच विचारायचंय,
दोनातला एक घोस उतरला का.