एकोणचाळीस

लातूरहून पत्र आलं :
सदर ठिकाणी असा कोणताही पदार्थ
साठवलेला नव्हता.
खालच्या चार ओळी काळ्या शाईनं सारवलेल्या.
हे वाचून नुसते हसले,
हसण्याचा खोकला झाला.

सुट्टीवर यायचे तेव्हा ट्रंकेतला ड्रेस मीच धुवायची.
पिवळं पाणी मोरीतून परसात.
तिथला अळू दुसऱ्या वर्षी फुटलाच नाही.
काय लागलंय हे, विचारलं तर म्हणायचे,
हळद समज, महानंदा.

सही केलीय यांनी कुठंतरी.
बावीस वर्षं झाली,
उदगीरच्या डॉक्टरपुढंही तोंड उघडत नाहीत.

पण झोपेनं कुठं सही केलीय?
तीनच्या सुमाराला सुरू होतं
सदतीस... अडतीस...
मोजणी मराठीत, ओरडणं हिंदीत :
हट थापा, गिर रहा है!
दोन्ही हात काहीतरी जड
खड्ड्यात उतरवतात, गोधडीच्या आत.
एकोणचाळीसला श्वास अडकतो.
चाळीस मी अजून ऐकलेला नाही.

सोमवारी ऑफिसात साहेब म्हणाले,
बाई, पुरावा काय?
म्हणलं, एक रात्र मुक्कामाला या.
अंथरूण घालते.