सुआमेत तार गुंडाळताना

कुमासीच्या सुआमे भागात
पावालाही ग्रीसचा वास येतो.
अग्येईवाचं दुकान आठ बाय दहा, वर पत्रा.
मी अकराशे चाळीस वेढे मोजतो.
सातशे बाराव्याला कुणी हाक मारली
की पुन्हा पहिल्यापासून.
तिथं तिला दयामाया नाही.

पहिल्याच आठवड्यात तिनं विचारलं,
"सरळ होती तेव्हा ही तार कशी होती, बाफोर?"
गरीब, म्हटलं. येईल त्याला वाट देणारी.
"आणि आता?"
मी गप्प.

तिनं ट्रकची बॅटरी ओढून आणली,
वेटोळ्यापुढं हेडलाइटचा दिवा जोडला.
लख्ख. तार जणू कधी वळलीच नव्हती.
मग बॅटरी काढून तेवढ्याच व्होल्टचा एसी दिला,
सेकंदाला पन्नासदा जाणारा, पन्नासदा परतणारा,
ये रे माझ्या मागल्या.
दिवा मिणमिणला.
पोकळीत पत्र्याच्या पट्ट्यांची जुडी सरकवली तशी
तांबूस झाला,
मग नुसता तंतू,
मग तोही दिसेना.

"हात लाव."
वेटोळं गार.
काही जळलं नव्हतं, काही तुटलं नव्हतं.
"वाहत्याशी हिचं भांडण नाही," ती म्हणाली,
"एका चालीनं वाहा, ही हूं का चूं करणार नाही.
चाल बदललीस की प्रत्येक वेढा
शेजारणीला उठवतो,
आणि सगळ्या मिळून उलट रेटतात."

पुन्हा बॅटरी जोडून तिनं तार झटक्यात सोडवली.
टोकाशी निळी ठिणगी उडाली, मी मागं सरलो.
ती हसली: "जाणाऱ्यालाही अडवते, बघ."

हे मात्र तिनं सांगितलं नाही,
मला नंतर उमगलं:
अगदी सावकाश बदललेलं
वेटोळ्याला कळतच नाही.
समोरच्या गल्लीत वर्षाला एक
कंटेनर उतरत गेला,
नव्या मोटारी, खोक्यातल्या, स्वस्त.
आधी ओपोकूनं दुकान विकलं,
मग त्या दोघा भावांनी.
अग्येईवा त्याच स्टुलावर,
त्याच तांब्याच्या रिळाशी,
पांढरे केस कानामागं सारत.
कुठं ठिणगी उडाली नाही.

सातशे दहा.
सातशे अकरा.
"बाफोर," ती म्हणते,
पहिल्यांदाच मोजणीच्या मधे,
"बाहेर बघ रे, कुणी आलंय का?"

कुणी नाही.

एक. दोन.