शिल्लक

पहाटे साडेचारला मत्रहच्या कॉर्निशवर
हवा ओल्या टॉवेलसारखी तोंडावर बसते.
मी चालतो.
बोलता येईल पण गाता येणार नाही, एवढ्या वेगाने,
असं सांगितलंय.
तसंही इथे गाणार कुणासाठी?
धक्क्यावर सुरमई उतरतेय,
आणि मांजरं माझ्या पोटाकडे बघतात
टोपलीकडे बघावं तशी.

फेब्रुवारीत नव्वद पूर्णांक सहा.
मेच्या अखेरीला ब्याऐंशी पूर्णांक चार.
तेव्हापासून सात आठवडे
ब्याऐंशी पूर्णांक चार.
काट्याची बॅटरी बदलली.
सुलक्षणा जालन्याहून म्हणाली, फरशी बदलून बघा.

वही दाखवली शीबा मॅडमला.
एक खुबूस, वाटीभर मसूर, काकडी, ग्लासभर लबान.
चहा बिनसाखरेचा,
त्यातला कडकपणा तेवढा ठेवलाय.
तिने पानं उलटली, पेनाचं टोपण चावलं,
मग तिच्या हिंदीत म्हणाली,
शरीराला वाटतंय दुष्काळ पडला.
त्याने खर्च आवरलाय.
वजन उतरलं तसं चालणंही त्याला स्वस्त पडतं,
वर खुर्चीखाली हलणारा तुमचा पाय
त्याने बंद केलाय.
तुम्हाला न विचारता.

पाय खरंच हलत नव्हता.

मॅडम, हा हिशेब मला नका शिकवू.
सोळा वर्षं रुवीत, एक्स्चेंजच्या काचेमागे बसून
मी दुसऱ्यांचे रियाल मोजतोय.
त्याआधी वादी कबीरला एका खोलीत सहा जण,
एसी रात्री फक्त दोन तास,
सकाळच्या डाळीत संध्याकाळचं पाणी,
फोन शुक्रवारी, तोही चार मिनिटं,
घड्याळ समोर ठेवून.
घराचा स्लॅब पडला, बहिणीचं लग्न झालं,
माझ्या अंगावर तेव्हा एकच चांगला शर्ट.
हे शरीर त्याच खोलीत राहत होतं.
बघत असणार सगळं.

आता त्याला कसं सांगू,
की बाबा, बास झालं, उधळ.

तीन तारखेला तोफज्जल येतो, सिल्हटचा, गवंडी.
बेचाळीस अंशात पहाडावर चढतो-उतरतो.
दुपारी तीन माणसांचा भात लागतो म्हणे,
सांगताना खाली बघतो.
तरी मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत सरकतं.
आलं तेवढं त्याच दिवशी जळलं,
उरलं ते काचेखालून माझ्याकडे सरकवलं.
पंच्याऐंशी रियाल. पावती घडी करून टोपीत.
परवा माझ्याकडे बघत थांबला जरा.
साब, बीमार हो? सूख गये.
वजन मुद्दाम उतरवतोय
हे मराठीत सांगायला अवघड नाही.
त्याला सांगायला शब्द सापडला नाही.
म्हटलं, उन्हाळा.

घामाने चरबी जाते ही समजूत चुकीची,
हेही शीबा मॅडमनेच सांगितलं.
थोडी पाणी होते,
बाकी बरीचशी श्वासातून निघून जाते.
म्हणजे आठ किलो दोनशे ग्रॅम मी
या रस्त्यावर फुंकून आलो,
किल्ल्याच्या वळणावर, रियामच्या चढावर
धाप लागेल तिथे तिथे.
आयुष्यात पहिल्यांदा काही पाठवलं
ज्याला ना फी, ना नाव, ना पत्ता.

रस्त्याकडेच्या खजुरी मात्र यंदा लदलेल्या.
झाडं हवाच खातात, नाही का?
कोण जाणे, माझं काय काय गेलं असेल त्यांच्यात.

बाकावर सालिम बिन खल्फान थर्मास घेऊन बसलेला,
रोजचाच म्हातारा.
माझं चालणं त्याला पटत नाही.
कुणी मागे लागलंय का, विचारतो.
आज त्याने हात धरून बसवलं,
पिवळीजर्द, अर्धी मऊ रुतब पुढे केली,
कहव्याचा छोटा पेला भरला.
समुद्र जागचा हलत नव्हता.
बसल्या बसल्या बघतो तर
माझा पाय हलतोय,
बाकाखाली, आपला आपण.

घरी येऊन वहीत लिहिलं, खजूर, दोन.
मग खोडून खरं लिहिलं.
पाच.