पडायला शिकवता काय?

त्रेचाळिसाव्या वर्षी डॉक्टर म्हणाले,
अंग हलेल असं काहीतरी सुरू करा,
चालणं, नाहीतर योग.
घरी येऊन मी म्हटलं, मारामारी.

परशरामनं ताटातली मान वर केली नाही.
"कुणासंगट?"
ते मलाही माहीत नव्हतं.

आमच्याकडं बायकाही 'मी येतो, मी जातो' म्हणतात.
पुण्याची जाऊ अजून हसते.
म्हणजे बोलीनं मला लहानपणीच
लांग घालून उभं केलं होतं,
मीच वीस वर्षं वडगावात
साड्यांना फॉल लावत बसलो.

आधी येळ्ळूरला गेलो.
भरमाण्णा वस्ताद आखाडा उकरत होते.
हळद, ताक, लिंबू, तेल.
माझ्याच स्वयंपाकघराचा वास, लाल मातीला.
"पोराला घालणार काय?"
"नाही. मला यायचंय."
वस्ताद खोऱ्यावर हात टेकून थांबले.
मग मला वाईट वाटू नये म्हणून
जोर, बैठका, खुराक, सगळं सांगत बसले.
"खरं, गुडघं पायजेत, अक्का."
आमच्यात 'खरं' म्हणजे 'पण'.
माझ्या गुडघ्यांनी ते दोन्ही अर्थांनी ऐकलं.

लाठीवाले म्हणाले, आत्ता कुठं,
मिरवणुकीच्या आधी महिनाभर या.

अनगोळात शाळेच्या गच्चीवर कराटे.
किल्लेदार सर मोजत होते, इची, नी, सान.
पाटी कुठल्या भाषेत लावायची
यावरून ज्या गावात माझ्या जन्माआधीपासून दगड पडले
तिथं तेरा पोरं, मराठी, कन्नड, उर्दू,
एका दमात जपानी ओरडत होती.
त्या आकड्यांवर कुणाचाच दावा नव्हता.
मला ते फार आवडलं.
खरं माझी लाथ
शिलाई मशीनच्या पायडलाएवढीच उठली,
आणि "ओरडा" म्हटल्यावर मी ओरडलो
तर गॅसवरचं दूध उतू गेल्यासारखं.
पोरं हसली. सर नाही हसले,
त्यामुळं जास्त लागलं.

शेवटी स्टेडियममागचा ज्युदोचा हॉल.
कस्तुरी हलगेकर, खानापूरची, वय चोवीस,
एक कान चुरगळलेला.
वय विचारलं नाही, कारण विचारलं नाही.
मीच विचारलं, पहिल्यांदा काय शिकवतेस?
"पडायला."
मग?
"महिनाभर तेवढंच."
मी ब्लाऊजमधली पर्स काढली.

गेल्या श्रावणात न्हाणीत पाय घसरला
तेव्हा मी हात टेकला होता.
सगळेच टेकतात.
घरात कोणी नव्हतं. फरशी गार होती.
नळ चालू होता आणि मला आधी त्याचंच वाटलं,
पाणी वाया चाललंय.
सहा आठवडे प्लास्टर,
बेचाळीस साड्या ज्यांच्या त्यांना परत.
तेव्हापासून मी भिंत धरून आंघोळ करतो,
हे परशरामला सांगितलेलं नाही.

"हात टेकायचा नाही, अक्का, आपटायचा.
हनुवटी छातीला. पाठ गोल, भाकरीसारखी नको, भांड्यासारखी."
इथपर्यंत मराठी.
खांद्याला धरलं की ती कन्नडवर येते.
बीळ्री. हेदरब्याड्री. बीळ्री.
पडा. भिऊ नका. पडा.
इतक्या मानानं
मला कुणी पड म्हटलं नव्हतं.

पहिल्या दिवशी एकवीस वेळा पडलो.
तेविसाव्या वेळेला म्हणे आवाज बरोबर आला,
चादर झटकल्यासारखा.
मधली बाविसावी मी मोजली नाही,
ती नुसती हसून कोसळण्याची होती.

आता रात्री गादी खाली ओढतो.
काल परशराम दारात उभा राहून बघत होता.
काही बोलला नाही.
मशीन उचलून भिंतीला लावलं,
माझ्या डोक्याच्या बाजूचा तिचा कोपरा
टॉवेलनं गुंडाळला,
मग म्हणाला, "जरा दमानं.
खाली भाडेकरू झोपूलाल्यात."