डावी बाजू

अंबादास मोबाईल पुढं धरतो :
हिरव्या चौकोनांचं विमान.
"उजवीकडं बसा बाबा,
चढताना अख्खं सोलापूर दिसतंय.
पंखावर नको, संडासाजवळ तर नकोच."

एकोणचाळीस वर्षं
अक्कलकोट रोडला चार माग सांभाळले.
उजवा कान तिथंच राहिला,
कुठल्यातरी टॉवेलात विणून गेला.

म्हणून म्हटलं, डावीकडचीच घे.
खिडकी नागमणीला, मी मधे.
"पण काहीच दिसणार नाही तिकडून,"
पोरगं वैतागलं.

होटगी रोड सुटला. पोटात गोळा.
लाईट गेल्यावर सगळे माग एकदम थांबतात,
तसं झालं क्षणभर.
काचेला नाक लावून बसलेली ती
वळली, माझ्या डाव्या कानाशी आली :
"गच्चीवर मिरच्या
तशाच राहिल्या की हो."