विसाला एक कमी

सित्र्याच्या रिफायनरीत चोवीस वर्षं
मी पाइपांच्या भिंती मोजल्या.
बाहेरून रंग चकचकीत, हात फिरवला तर गुळगुळीत,
आणि आत गंज,
आपल्या गतीने, कुणाला न विचारता.
मोजून झालं की पिवळ्या खडूने पाइपावरच लिहायचं:
जाडी इतकी, पुढची तपासणी अमुक साली.

म्हणून डॉक्टर बोलले ते मला लगेच कळलं.
"गाठ काढलीय, उरलंसुरलं किरणांनी जाळू.
पण बाजू डावी. मागेच हृदय,
त्याच्या पुढच्या अंगाने एक रक्तवाहिनी उतरते.
आतलं अस्तर एका पेशीचं.
आज भाजलं तर आज दिसत नाही.
दहा वर्षांनी दिसतं."
इंदुमती पिशवीच्या बंदाशी चाळा करत होती.
मी विचारलं, भिंतीची जाडी किती?
डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले.

उपाय म्हणजे श्वास.
छाती भरून घ्यायचा आणि धरायचा.
फुप्फुस फुगतं, हृदय सरकतं,
पेरभर,
बाकावरचा भला माणूस सरकतो तसं,
आणि किरण पुढून निघून जातो, त्याला न शिवता.
बावीस सेकंद. सोड. मग पुन्हा.

गुदैबियाच्या आमच्या दोन खोल्यांत
त्या आठवड्यात सगळं बावीसनेच मोजलं.
दूध वर येताना ती श्वास धरी,
लिफ्टमध्ये धरी,
मी घड्याळ घेऊन उभा.
पहिल्या दिवशी नऊलाच फुटली. हसू आलं म्हणे.
मी रागावलो. हसण्यावर!
मग गॅलरीत जाऊन सिगारेट पेटवली,
दोन झुरके,
आणि वाहिन्या मलाही आहेत हे आठवून
उरलेली कढीपत्त्याच्या कुंडीत खुपसली.

मशीनवर बुदूर होती, मुहर्रकची.
तिचा पणजोबा मोत्यांच्या गलबतावर गैस.
मी ऐकलं गॅस. आयुष्यच त्यात गेलेलं.
"नाही हो, गैस म्हणजे पाण्यात उतरणारा.
वर दोर धरून उभा असतो तो सैब.
खालचा दोर हलवतो, वरचा ओढतो.
हात सोलतात सैबचे."
जाड दारापाशी मला थांबवत ती म्हणाली,
"तुम्ही सैब."
माझ्या हातात दोर नव्हता.
रुमालात बांधलेल्या बांगड्या होत्या.

इंग्रजी आकड्यांवर इंदुमतीचा श्वास टिकेना.
बुदूरने मग पेनाने तळहातावर आकडे लिहून घेतले,
अरबी अक्षरांत मराठी,
आणि माइकवरून मोजू लागली.
अठरापर्यंत बरं चाले.
एकोणीसला अडखळे. "हा असा काय?"
मी सांगितलं, म्हणजे विसाला एक कमी.
आम्ही पोचायच्या आधीच
पोचण्याचं नाव घेतो.
"मग सरळ विसावर उडी मारू?"
"नको," आतून इंदुमती. माइक दोन्हीकडून चालू होता.
"तो वगळू नकोस. तिथंच तर धरायचं असतं."

पंधरा दिवस.
शेवटच्या रात्री छातीवरच्या जांभळ्या रेघा
तिने खोबरेल लावून घासून काढल्या.
मला खडू आठवला.
जाडी किती उरली, कुणी सांगितलं नाही.
पुढचं साल लिहायला जागा होती
तिथे ती साबण लावत होती.
हाती आला तो एक कागद:
रक्तदाब बघा, मीठ कमी, चालत राहा.

काल मनामाच्या बाजारात
हामूरचे कल्ले उघडून बघताना ती एकदम गप्प झाली.
खांदे वर, ओठ मिटलेले.
सवय.
मी मनातल्या मनात सुरू केलं.
कोळी भाव सांगून थांबला होता.
सतरा, अठरा.
एकोणीस.
वीस नाही झाले.
"महाग देतोस रे," म्हणत तिने सोडला.